बायोस अपडेट आणि डिस्कचे ड्रायव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर दुरुस्ती हेच माझं रोजचं काम. बायोस अपडेट केल्यावर 'मशीन गेलं' म्हणून जे कॉम्प्युटर टेबलावर येतात, त्यांत खरोखर डेड झालेले बोर्ड मोजकेच असतात. बहुतेकांचा बोर्ड ठणठणीत असतो, डिस्कही ठणठणीत असते. अपडेटनंतर एखादं सेटिंग मूळपदावर, म्हणजे कारखान्यातून आलं तसं, गेलेलं असतं आणि त्यामुळे विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नसते. एवढ्यावरून कुणीतरी फॉरमॅट मारतं आणि माणसाचे फोटो, हिशेब, प्रबंध जातात. ते थांबावं म्हणून लोकांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

बायोस आणि ड्रायव्हर यांत फरक काय? दोन्ही 'अपडेट'च ना?

मदरबोर्डवर आठ पायांची, हरभऱ्याच्या डाळीएवढी एक चिप असते. आजकालच्या बोर्डांवर तिची क्षमता साधारण १६ किंवा ३२ एमबी. बटण दाबल्यावर विंडोज सुरू व्हायच्या आधी याच चिपमधला प्रोग्रॅम चालतो. तो प्रोसेसर, रॅम आणि डिस्क जागी करतो, मग सूत्रं विंडोजच्या हाती देतो. 'बायोस' हा शब्द १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतून आला. आजच्या मशिन्समध्ये असतं ते खरं तर यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, पण बाजारात सगळे बायोसच म्हणतात. मीही तेच म्हणेन.

ड्रायव्हर म्हणजे मशीनच्या एखाद्या भागाशी कसं बोलायचं ते विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. तो विंडोजच्या आत, डिस्कवर राहतो. स्टोरेज कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या भागाच्या बाबतीत या दोघांचं नातं फार जवळचं आहे. डिस्क कोणत्या रूपात विंडोजसमोर उभी करायची, एएचसीआय (साधी, सुटी डिस्क), रेड (अनेक डिस्क जोडून एक) की व्हीएमडी (एसएसडी सांभाळायची इंटेलची पद्धत), हे बायोस ठरवतं. त्या रूपाशी बोलायला जुळणारा ड्रायव्हर विंडोजकडे असावा लागतो. बायोस म्हणजे कुलूप आणि ड्रायव्हर म्हणजे किल्ली समजा. बायोसनं कुलूप बदललं आणि विंडोजच्या हातात जुनीच किल्ली राहिली, तर घर शाबूत असूनही आत जाता येत नाही.

मशीन मस्त चाललंय. तरी बायोस अपडेट करू का?

'चालतंय ना, मग हात लावू नका' हा सल्ला एके काळी शंभर टक्के बरोबर होता. आता तो अर्धाच बरोबर आहे. खालीलपैकी काही तुम्हाला लागू असेल तर अपडेट कराच.

पहिलं कारण, नवा प्रोसेसर. २०१८ चा बी४५० बोर्ड घेतलेले कितीतरी जण आजही त्याच बोर्डवर एएमडीचा रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवतात. पैसे वाचतात, मशीनही दमदार होतं. पण तो प्रोसेसर २०२० च्या शेवटी आला, म्हणजे बोर्डच्या जुन्या बायोसला तो ओळखूच येणार नाही. आधी अपडेट, मग प्रोसेसर, हाच क्रम.

दुसरं, इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. त्यांतले ताकदवान प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत होते. गेम मधेच बंद पडायचे, फाइल उघडताना विचित्र चुका यायच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलनं ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दिला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी दिला, आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो. झालेली झीज त्यानं भरून येत नाही, पुढची थांबते. म्हणून असा प्रोसेसर असेल तर आज-उद्या करू नका.

तिसरं, रायझन ७००० एक्स३डी. २०२३ च्या वसंतात काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाले. त्यानंतर आलेल्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली आहे. त्याआधीचं बायोस चालवत असाल तर ती मर्यादा तुमच्या बोर्डवर नाही.

चौथं, सुरक्षा. डिसेंबर २०२३ मध्ये 'लोगोफेल' उघड झालं. सुरू होताना दिसणाऱ्या कंपनीच्या लोगोच्या चित्रातूनच बायोसमध्ये घुसता येत होतं. शिवाय सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारी सोय, हिच्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपते. नवी प्रमाणपत्रं मुख्यतः विंडोज अपडेटमधून येतात, पण काही मशिन्सना त्यासाठी आधी बायोस अपडेट लागतं.

यातलं काहीच लागू नसेल आणि मशीनला त्रास नसेल, तर केवळ नवा आकडा दिसला म्हणून अपडेट करू नका. वेग वाढेल या आशेनं तर नकोच.

माझा बोर्ड कोणता, बायोस कोणतं, कसं कळेल?

विंडोजचं बटण आणि 'आर' दाबून 'एमएसइन्फो३२' लिहा. उघडलेल्या खिडकीत बोर्डचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. तिथेच बायोस मोड 'लेगसी' (जुनी पद्धत) आहे की 'यूईएफआय' तेही दिसतं. ते आत्ताच लिहून ठेवा, पुढे कामाला येतं.

असेंबल्ड पीसीत एक गोष्ट मात्र डोळ्यांनीच पाहायची. कॅबिनेटची बाजू उघडा आणि बोर्डच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजनचा आकडा वाचा. गिगाबाइटच्या एकाच नावाच्या बोर्डचे १.०, १.१, २.० असे प्रकार असतात आणि प्रत्येकाची फाइल वेगळी असू शकते. नाव जुळलं म्हणून फाइल जुळेलच असं नाही. फाइल फक्त बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. 'ऑल बायोस डाउनलोड' छापाच्या साइटवरून नाही.

त्याच पानावर प्रत्येक आवृत्तीखाली टीप असते. ती वाचा. 'आधी अमुक आवृत्ती टाका, मग ही' असं तिथेच लिहिलेलं असतं. काय काढून टाकलंय तेही तिथेच कळतं. २०१९ मध्ये एमएसआयच्या कित्येक बोर्डांवर १६ एमबीचीच चिप होती. रायझन ३००० साठी जागा करायला त्यांनी चित्रमय मेनू काढून साधा मेनू दिला, जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरचा आधार काढला, आणि सॅटा वायरीच्या डिस्क रेडमध्ये जोडणाऱ्यांची अडचण झाली. टीप न वाचता अपडेट करणाऱ्याला हे नंतर कळलं.

अपडेट करण्याआधी काय तयारी करू?

हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते टाळलं तर पुढे दोन दिवस जातात. म्हणून याच उत्तरावर मी सगळ्यात जास्त जोर देतो.

सगळ्यात आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. त्या कुलपाचं नातं मशीनमधल्या टीपीएमशी, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या भागाशी असतं. बायोस बदललं की टीपीएमला संशय येतो आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ही की साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून त्या खात्यात जा, 'डिव्हाइसेस'मध्ये तुमचा लॅपटॉप शोधा आणि ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या. मगच पुढचं पाऊल.

इथे एक अडचण आपल्याकडे नेहमी येते. लॅपटॉप घेताना दुकानदारानं 'मी सेट करून देतो' म्हणून स्वतःच्या ईमेलनं खातं उघडलेलं असतं. म्हणजे तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात! एका कॉलेजच्या मॅडमचा लॅपटॉप असाच आला होता. त्यांच्या ईमेलमध्ये की नव्हती. जुनी बिलं चाळून दुकान शोधलं, तिथला मुलगा नोकरी सोडून गेला होता, त्याला फोन लावला, तेव्हा कुठे ४८ आकडे मिळाले. मॅडम अख्खा दिवस माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून होत्या. तुमचा लॅपटॉप कुणाच्या खात्यावर आहे हे आजच तपासा.

की मिळाली तरी अपडेटआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा. विंडोज प्रोमध्ये तो पर्याय कंट्रोल पॅनेलमध्ये मिळतो. होममध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं, तिथे सस्पेंडचं बटण नसतं, म्हणून तिथे कागदावरचे ४८ आकडे आणखी महत्त्वाचे.

दुसरं, बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा आणि एकेक पान उघडा. तीन ठिकाणं चुकवू नका. एक, सॅटा मोड किंवा स्टोरेज कॉन्फिगरेशन: एएचसीआय आहे की रेड. दोन, व्हीएमडी चालू आहे की बंद. तीन, बूटच्या पानावर सीएसएम (जुन्या 'लेगसी' पद्धतीची सोय) चालू आहे की बंद. अपडेटनंतर ही तिन्ही मूळपदावर जाऊ शकतात, आणि हे तीन फोटो असले की माझ्यासारख्याकडे यायची वेळ येत नाही. रॅमच्या वेगाचं एक्सएमपी किंवा एक्सपो सेटिंग, पंख्यांचा वेग वगैरेही टिपून ठेवा, पण ते हुकलं तरी डेटा जात नाही.

तिसरं, महत्त्वाच्या फाइलींची कॉपी बाहेरच्या डिस्कवर. बायोस अपडेट डिस्कला हात लावत नाही हे खरं. पण त्यानंतर घाबरलेली माणसं लावतात.

मधेच लाइट गेली तर?

चिपमधलं जुनं पुसून नवं लिहिण्याचं काम दोन ते दहा मिनिटं चालतं. त्या वेळात वीज गेली तर चिपमध्ये अर्धवट प्रोग्रॅम राहतो आणि बोर्ड उठत नाही. पीसी असेल तर यूपीएसवर लावा, आणि तो यूपीएस खरंच तग धरतो का ते आदल्या दिवशी प्लग काढून बघा. बॅटरी जुनी झालेला यूपीएस वीज जाताच मान टाकतो, आणि तेही नेमकं अपडेट ४० टक्क्यांवर असताना. ते मी पाहिलंय. घरात इन्व्हर्टर असेल तर तो किती चटकन पलटी घेतो ते बघा. लुकलुकत पलटी घेत असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. पावसाळ्यात ढग गडगडत असतील, किंवा वीज दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा वार असेल, तर काम उद्यावर ढकला.

विंडोजमधून अपडेट करू की पेन ड्राइव्हवरून?

असेंबल्ड पीसीत पेन ड्राइव्हवरूनच. विंडोजमधून करताना मागे अँटिव्हायरस चालतो, एखादा प्रोग्रॅम अडकतो. नसता धोका कशाला. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, झिप उघडून आतली फाइल त्यावर टाका, बायोसमध्ये जा. असुसमध्ये इझी फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, असरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश. नावं वेगळी, काम एकच. फाइल निवडली की प्रोग्रॅम ती तुमच्या बोर्डची आहे का ते तपासतो. 'इनव्हॅलिड' म्हणाला तर जबरदस्ती करू नका, मॉडेल चुकलंय.

डेल, एचपी, लेनोव्होच्या लॅपटॉपमध्ये मात्र कंपनीचाच विंडोजमधला प्रोग्रॅम वापरलेला बरा. तो फाइल ठेवतो, मशीन बंद-चालू करतो आणि लिहिण्याचं काम विंडोजच्या बाहेरच होतं. या लॅपटॉपना विंडोज अपडेटमधूनही 'फर्मवेअर' म्हणून हे येतं. काळ्या पडद्यावर कंपनीचा लोगो आणि खाली पट्टी सरकताना दिसली तर झाकण लावू नका, बटण दाबू नका.

नवा प्रोसेसर बसवलाय, पण डिस्प्लेच येत नाही. जुना विकून टाकला. आता?

बोर्डच्या मागच्या बाजूला एखाद्या यूएसबी खाचेला वेगळी खूण किंवा चौकट आहे का बघा, आणि शेजारी छोटं बटण. असुसमध्ये बायोस फ्लॅशबॅक, एमएसआयमध्ये फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश प्लस. ही सोय असेल तर प्रोसेसर, रॅम काही न चालता बायोस टाकता येतं. एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर लावलेली असली की झालं. फाइलचं नाव मात्र ठरलेलं द्यावं लागतं: एमएसआयसाठी 'एमएसआय.रॉम', गिगाबाइटसाठी 'गिगाबाइट.बिन', असुसच्या झिपमध्ये नाव बदलणारा छोटा प्रोग्रॅमच असतो. नाव चुकलं तर दिवा थोडा वेळ लुकलुकून बंद होतो आणि काहीच होत नाही. दिवा पाच-सात मिनिटं लुकलुकत राहिला तर समजा काम चालू आहे.

अपडेट झालं, पण स्क्रीन काळीच. किती वेळ थांबू?

निदान दहा मिनिटं. नव्या डीडीआर५ बोर्डांवर अपडेटनंतर पहिल्यांदा रॅमचं 'ट्रेनिंग' होतं. पंखे फिरतात, पडद्यावर काही नाही, मधे मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. लोक इथेच घाबरून बटण दाबून धरतात. घड्याळ लावून शांत बसा.

दहा मिनिटांनंतरही काही नसेल तर प्लग काढा, बोर्डवरचा बायोसचा सेल, म्हणजे गोल सीआर२०३२, पाच मिनिटं काढून ठेवा, परत बसवा, रॅमची एकच काडी लावून सुरू करा. बहुतेक वेळा इथे डिस्प्ले येतो.

सुरू होताना 'एफटीपीएम' असं काहीतरी लिहून 'वाय' किंवा 'एन' दाबा म्हणतंय. काय दाबू?

एएमडीच्या बोर्डांवर प्रोसेसर बदलला किंवा बायोस अपडेट झालं की हा संदेश येतो. 'वाय' दाबलं की टीपीएममधल्या जुन्या किल्ल्या पुसल्या जातात. बिटलॉकर नसेल किंवा ४८ आकडे हातात असतील तर 'वाय' दाबा. हातात नसतील तर 'एन' दाबा, आणि आधी की शोधा. न वाचता 'वाय' दाबून नंतर रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि की कायमची गेली असेल तर त्यांच्यासाठी कुणालाच काही करता येत नाही.

अपडेटनंतर निळी स्क्रीन, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस'. डिस्क गेली का?

नाही. शंभरातल्या नव्वद वेळा तरी नाही. आधी फोटो काढले असतील ते उघडा आणि बायोसमध्ये जाऊन ती तीन सेटिंगं पूर्वीसारखी करा. सॅटा मोड रेडचा एएचसीआय झालाय का? व्हीएमडी चालूचं बंद, किंवा बंदचं चालू झालंय का? 'एमएसइन्फो३२'मध्ये लेगसी दिसत होतं आणि आता सीएसएम बंद झालंय का? पूर्वपदावर आणा, सेव्ह करा, सुरू करा.

फोटो नसतील तर एकेक पर्याय उलटा करून बघा. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर सुरू करून बघायचं. सेटिंग चुकीचं असताना विंडोज फार तर निळी स्क्रीन दाखवतं. आतल्या फाइलींना धक्का लागत नाही.

लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर लॅपटॉप घेऊन आला. दुसरीकडे बायोस अपडेट झालं होतं, मग विंडोज उठेना. विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला तर त्यालाही डिस्क दिसेना. 'एसएसडी उडाली, नवी टाका' असं त्याला सांगितलं गेलं होतं. नवी एसएसडी त्याच्या खिशात होती, डब्यासकट. तीन लग्नांचं काम आत अडकलेलं. मी एफ२ दाबून ॲडव्हान्स्डच्या पानावर गेलो. व्हीएमडीपुढे 'एनेबल्ड' लिहिलेलं. ते 'डिसेबल्ड' केलं, एफ१०, एंटर. गोल ठिपके फिरले आणि त्याच्या मुलीच्या बारशाचा वॉलपेपर पडद्यावर आला. तो खुर्चीतून उठला नि बाहेर जाऊन पाच मिनिटं रस्त्याकडे बघत उभा राहिला.

दोन डिस्क रेडमध्ये होत्या. आता विंडोज विचारतंय, 'इनिशियलाइज' करू का?

'नको' म्हणा आणि मशीन बंद करा. रेड सेटिंग उडाल्यामुळे जोडलेल्या दोन डिस्क आता सुट्या दिसताहेत, आणि विंडोजला त्यांतलं काही वाचता येत नाही म्हणून ते कोऱ्या समजतंय. बायोसमध्ये परत रेड चालू केलं की बहुतेकदा जोडणी जशीच्या तशी उभी राहते, कारण तिची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते. 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट'वर टिचकी मारली की तुम्ही त्या माहितीवरच घाव घालता. इंटेल ऑप्टेन मेमरी (वेग वाढवणारं छोटं कार्ड) हार्ड डिस्कसोबत वापरत असाल तर आणखी जपा. सेटिंग बदलण्याआधी विंडोजमधून ऑप्टेन रीतसर बंद करावं लागतं.

विंडोज नव्यानं टाकतोय, पण यादीत एकही डिस्क नाही.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास होतं. व्हीएमडी चालू असतं आणि विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. उपाय दोन. लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा, म्हणजे आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून त्याचा फोल्डर विंडोजच्याच पेन ड्राइव्हवर टाका, आणि त्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा. डिस्क लगेच यादीत येते. नुसती सेटअपची एक्झी फाइल टाकून उपयोग नाही, आत आयएनएफ फाइल दिसली पाहिजे.

दुसरा उपाय, व्हीएमडी बंद करणं. कोऱ्या लॅपटॉपवर एकच एसएसडी असेल तर मी हाच करतो, विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई, म्हणजे नव्या एसएसडींचा, ड्रायव्हर उत्तम चालतो. पण जुन्या विंडोजमधला डेटा अजून हवा असेल तर आधी तो काढून घ्या.

जुन्या लोकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. विंडोज एक्सपी टाकताना एफ६ दाबून फ्लॉपीतून सॅटाचा ड्रायव्हर द्यायचो, तेच हे. इंटेलच्या त्या फोल्डरला आजही 'एफ६' म्हणतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर २००६ चा दिसतो! इतका जुना?

नाही, तो जुना नाही. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम छापलेली असते. कंपनीचा ड्रायव्हर बसवला तर त्याची तारीख नंतरची दिसावी आणि विंडोजनं त्याला प्राधान्य द्यावं म्हणून ही सोय. तारखेकडे नको, आवृत्तीच्या आकड्याकडे बघा, तो तुमच्या विंडोजच्या आकड्याशी जुळलेला असतो.

या तारखेला घाबरून लोक 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचे प्रोग्रॅम घेतात. ते 'तुमचे १७ ड्रायव्हर कालबाह्य' असं लाल अक्षरात सांगतात आणि पैसे मागतात. घेऊ नका. ध्वनी किंवा वायफायचा ड्रायव्हर चुकला तर आवाज जातो. स्टोरेजचा चुकला तर मशीन उठतच नाही.

मग स्टोरेजचा ड्रायव्हर कधी बदलावा?

एएचसीआय किंवा साध्या एनव्हीएमईवर असाल तर मायक्रोसॉफ्टचाच राहू द्या. रेड किंवा व्हीएमडी असेल तर कंपनीचा आरएसटी हवाच, आणि तो तुमच्या पिढीचा. इंटेलचा नवा आरएसटी जुन्या पिढीवर बसत नाही, 'हा प्लॅटफॉर्म चालत नाही' म्हणून बाहेर पडतो. एएमडीच्या रेडमध्ये एकाऐवजी तीन ड्रायव्हर ठरलेल्या क्रमानं द्यावे लागतात. क्रम चुकला तर डिस्क दिसत नाही. तो क्रम ड्रायव्हरसोबतच्या टिपणात असतो.

रेडवरून एएचसीआयवर जायचंय, फॉरमॅट न करता जमेल?

जमेल, मी नेहमी करतो. यात जोडलेल्या दोन डिस्क नसाव्यात, नुसतं सेटिंग रेडवर असावं. बिटलॉकरची की जवळ ठेवा. 'एमएसकॉन्फिग' उघडा, बूटच्या पानावर 'सेफ बूट' आणि 'मिनिमल' निवडा. मशीन बंद-चालू करताना थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठतं आणि नवा ड्रायव्हर स्वतःच बसवतं. तिथे पिनऐवजी पासवर्ड मागितला जाऊ शकतो, म्हणून तो आठवत असल्याची खात्री आधीच करा. मग 'एमएसकॉन्फिग'मधली खूण काढून पुन्हा सुरू करा.

एसएसडीचं फर्मवेअर म्हणजे याच अपडेटमध्ये येतं का?

नाही. एसएसडीच्या आत तिचा स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि स्वतःचं फर्मवेअर असतं. ते एसएसडीच्या कंपनीच्या प्रोग्रॅमनं अपडेट होतं. लोक याकडे बघतच नाहीत, पण कधी कधी हे बायोसपेक्षाही महत्त्वाचं असतं. जानेवारी २०१२ मध्ये क्रुशलच्या एम४ एसएसडीसाठी सुधारणा आली, कारण ५,१८४ तास चालल्यावर ती गोठायची आणि मग दर तासाला गोठायची. २०१९ मध्ये एचपीईनं सर्व्हरच्या काही एसएसडींबद्दल कळवलं, की ३२,७६८ तास भरले की त्या बंद पडतात आणि डेटा परत मिळत नाही. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात, ३ वर्षं २७० दिवस ८ तास. एकाच दिवशी लावलेल्या डिस्क एकाच दिवशी जाणार, म्हणजे रेडही वाचवणार नाही. सॅमसंग ९८० प्रोच्या एका जुन्या फर्मवेअरनं डिस्क 'फक्त वाचा' अवस्थेत जाऊन अडकायची, त्यावरही फर्मवेअरचाच उपाय आला. फर्मवेअर टाकण्याआधी बॅकअप मात्र सक्तीचा, कारण इथे काम थेट डिस्कवर असतं.

अपडेट बिघडून बोर्ड डेडच झाला. फेकायचा का?

मुळीच नाही. गिगाबाइटच्या कित्येक बोर्डांवर दोन बायोस चिप असतात. एचपीच्या लॅपटॉपला विंडोज आणि 'बी', डेलला कंट्रोल आणि एस्केप दाबून धरत सुरू केलं तर स्वतःहून दुरुस्तीची सोय उघडते. तेही नाही जमलं तर प्रोग्रॅमर नावाचं छोटं यंत्र असतं. चिपला आठ दातांचा चिमटा लावायचा, चिपवरच्या ठिपक्याकडे लाल वायर, आणि कॉम्प्युटरवरून थेट चिपमध्ये लिहायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि बहुतेक जिल्ह्याच्या गावी हे करणारे कारागीर आहेत. नव्या बोर्डपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं.

कारागिराला एक गोष्ट आवर्जून सांगा: आधी चिपमधलं जुनं वाचून सेव्ह कर, मग पुस. लॅपटॉपच्या त्याच चिपमध्ये सिरियल नंबर आणि विंडोजची की असते. इंटरनेटवरची दुसऱ्या मशीनची फाइल जशीच्या तशी ठोकली तर मशीन उठतं, पण त्याची ओळख हरवते आणि विंडोज ॲक्टिव्हेशन जातं. चिप १.८ व्होल्टची असेल तर त्याच्याकडे जोड-सर्किट आहे का तेही विचारा, नाहीतर चिपच जळते.

जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं?

असेंबल्ड बोर्डांवर बरेचदा हो. लॅपटॉपवर बरेचदा नाही. सुरक्षेची भगदाडं परत उघडू नयेत म्हणून कंपन्या वाट बंद करतात. आवृत्तीखालच्या टिपेत तसं लिहिलेलं असतं.

लिनक्सवर हे कसं?

डेल, लेनोव्होसारख्या लॅपटॉपवर 'एफडब्ल्यूअपडी' नावाच्या साधनानं बायोस आणि काही एसएसडींचं फर्मवेअरही अपडेट होतं. उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना 'आरएसटी बंद करा' असा संदेश आला आणि त्याच डिस्कवर विंडोजही असेल, तर थेट बायोसमध्ये जाऊन बदलू नका. विंडोज उठणार नाही. वर सांगितलेली सेफ बूटची वाट आधी पूर्ण करा.

बायोस अपडेटनं सगळेच दोष जातात का?

नाही. २०११ च्या जानेवारीत इंटेलनं आपल्या ६ मालिकेच्या चिपसेटमधला (बोर्डवरच्या मुख्य चिपमधला) दोष जाहीर केला. सॅटाच्या चार खाचा काळाबरोबर कमकुवत होत होत्या. तो सिलिकॉनमधलाच दोष होता, तिथे कोणतंही बायोस चाललं नाही, बोर्डच बदलून द्यावे लागले. तेव्हा डिस्क मधूनमधून गायब होत असेल तर अपडेटच्या आधी सॅटाची वायर आणि खाच बदलून बघा.

हे सगळं मला जमणार नाही. दुकानात देताना काय सांगू?

मशीन देताना जॉबकार्डावर स्वतःच्या डोळ्यांसमोर हे लिहून घ्या: 'डेटा हवा आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' बिटलॉकरचे ४८ आकडे वेगळ्या कागदावर द्या आणि काम झाल्यावर तो कागद परत घ्या. बायोसच्या तीन पानांचे फोटो काढलेले असतील तर तेही कारागिराच्या मोबाइलवर पाठवा. 'डिस्क गेली' असा फोन आला, तर आधी विचारा: व्हीएमडी आणि सॅटा मोड बदलून पाहिला का?